चिवट स्पॅमवाल्यांचा बंदोबस्त : मेल सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

३ जून

अकाउंट्सच्या मॅडमनी आज त्यांच्या मेल प्रोग्राममधली ब्लॉक यादी उघडून दाखवली. तीनशेच्या वर पत्ते. रोज सकाळी आलेला स्पॅम बघायचा आणि एकेक पत्ता यादीत टाकायचा, हा त्यांचा नेम झालाय. "रोज टाकते, तरी तेच पत्र परत येतं हो," म्हणाल्या. ऐकून वाईट वाटलं, कारण हे काम त्यांचं नव्हेच, माझं आहे.

यादी घेऊन लॉगशी, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीशी, ताडून पाहिली. लॉग तीन महिन्यांचाच आहे, पण तेवढ्यात त्या तीनशेंपैकी एकही पत्ता दुसऱ्यांदा वापरलेला दिसला नाही. म्हणजे ज्या दारातून पुन्हा कुणी येणारच नव्हतं, त्याच दारांना त्या कुलपं लावत होत्या.

मुळात त्यांना दिसतो तो पत्रातल्या कागदावरचा पत्ता. सर्व्हर सर्व्हरशी बोलतो तेव्हा पाकिटावर वेगळाच पत्ता असतो, आणि दोन्ही जागी वाटेल ते लिहिता येतं. सर्व्हरांच्या या बोलण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. त्याचं जुनं मानक १९८२ चं, आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज). तेव्हा जाळ्यावरची यंत्रं मोजकी होती, पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवणं हीच रीत होती. आजही नावावर भरवसा ठेवून अडवायला गेलं, तर हाती काही लागत नाही. खोटं सांगता येत नाही असं संभाषणात जवळजवळ एकच असतं : जोडणी कुठल्या आयपीवरून, म्हणजे यंत्राच्या जाळ्यावरच्या आकडी पत्त्यावरून, आली ते.

४ जून

सुरू करण्याआधी स्वतःपुरते नियम ठरवले. अडवण्याच्या प्रत्येक ओळीपुढे कारण, तारीख आणि मुदत लिहायची. मुदत नसलेली ओळ यादीत जाणार नाही. जुन्या सर्व्हरवरून वारशात आलेली यादी पाहिली, तर त्यात नुसते आकडे आहेत. कोणी टाकले, कशासाठी, काहीच नाही. काढायला हात धजावत नाही आणि ठेवावं तर कारण सांगता येत नाही. तसली यादी माझ्या मागे कुणासाठी ठेवायची नाही.

दुसरं : पत्र चुकून अडलं तर पाठवणाऱ्याला ते त्याच क्षणी कळलं पाहिजे. गुपचूप गिळायचं नाही.

५ जून

दिवसभर लॉग चाळला. 'स्पॅम' हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात चार वेगवेगळ्या जाती निघाल्या, आणि चारींवर इलाज वेगळा.

एक, बाधित संगणक आणि राउटर. जगभरातून येतात, घाईत असतात, एसएमटीपीचे शिष्टाचार पाळत नाहीत. संख्येने सगळ्यांत जास्त हेच.

दोन, पसरून पाठवणारे. यांना स्नोशू म्हणतात, बर्फात न रुतता चालायला वजन पसरवणाऱ्या रुंद पादत्राणांवरून. आयपींचा अख्खा पट्टा भाड्याने घ्यायचा, प्रत्येक आयपीवरून थोडी थोडी पत्रं सोडायची, डोमेन रोज नवं. मॅडमना छळणारे हेच. संख्येने थोडे, पण गाळणीतून सुटून आत पोचणारे बहुतेक हेच.

तीन, खऱ्या कंपन्या, ज्यांना एकदा पत्ता मिळाला की सोडवत नाही.

चार, पासवर्डचा अंदाज घेणारे. हे स्पॅम पाठवत नाहीत, पण एखाद्या मेलबॉक्सची किल्ली मिळाली तर आपल्याच सर्व्हरवरून पाठवतील.

६ जून

आजचा शोध लाजिरवाणा आहे, पण नोंदवायलाच हवा. बाहेर जाणाऱ्या रांगेत शेकडो बाऊन्स ('पत्र पोचलं नाही' असं कळवणारी पत्रं) अडकलेले सापडले, आणि त्यातले बहुतेक अशा लोकांच्या नावे, ज्यांनी आपल्याला कधी काही पाठवलंच नव्हतं.

झालं असं. आपला पुढचा सर्व्हर कुठल्याही नावाचं पत्र आधी स्वीकारत होता. मग आतला सर्व्हर म्हणायचा, असा मेलबॉक्सच नाही. पत्र स्वीकारून बसल्यावर ते परत करणं भाग, आणि परत जायचं ते पाकिटावरच्या पत्त्यावर. स्पॅमवाल्याने तो पत्ता तिसऱ्याच माणसाचा लिहिलेला. म्हणजे त्या माणसाला आपल्याकडून नको असलेली पत्रं जात होती. त्याच्या दृष्टीने स्पॅम पाठवणारे आपणच. इंग्रजीत याला बॅकस्कॅटर म्हणतात.

इलाज साधा आहे. खऱ्या मेलबॉक्सची यादी पुढच्या सर्व्हरला दिली. आता नाव चुकीचं असेल तर बोलणं चालू असतानाच ५५०, म्हणजे कायमचा नकार, सांगून पत्र नाकारलं जातं. मग बाऊन्स लिहायची जबाबदारी पलीकडच्या सर्व्हरची. तो खरा असेल तर आपल्या माणसाला कळवतो, बॉट (पहिल्या जातीतलं बाधित यंत्र) असेल तर काहीच करत नाही. दोन्ही ठीक.

रांगेतले जुने बाऊन्स पुसून टाकले. कोणत्याही स्पॅमवाल्याला अडवण्याआधी हे करायला हवं होतं.

८ जून

पोस्टस्क्रीन सुरू केलं. पोस्टफिक्स या आपल्या मेल सर्व्हर प्रोग्राममध्ये २.८ आवृत्तीपासून हा दरवान आहे, आपण तो कधी नेमलाच नव्हता.

त्याची एक चाचणी मला फार आवडते. सर्व्हरने आधी बोलायचं आणि मग पाहुण्याने, हा एसएमटीपीचा क्रम. पोस्टस्क्रीन अभिवादनाची अर्धीच ओळ पाठवतो, २२० च्या आकड्यापुढे जोडरेघ असलेली. जोडरेघेचा अर्थ, माझं बोलणं संपलेलं नाही. मग सहा सेकंद गप्प. सभ्य सर्व्हर थांबतो. बॉटला हजारो दारं ठोठवायची असतात, त्याला थांबायला वेळ नसतो. तो मध्येच बोलतो आणि पकडला जातो. मजकूर वाचावा लागत नाही, कुणाचं खासगी पत्र उघडावं लागत नाही. एकदा उत्तीर्ण झालेल्याला काही काळ पुन्हा थांबवलं जात नाही, त्यामुळे नेहमीच्या पत्रव्यवहाराला उशीर नाही.

पुढच्या, जास्त खोल चाचण्याही त्यात आहेत. त्या बंदच ठेवल्या, कारण त्यांत उत्तीर्ण झालेल्यालाही 'नंतर या' सांगावं लागतं.

९ जून

सकाळचा लॉग पाहिला. पहिल्या जातीतले बहुसंख्य दारातच थांबले. मॅडमच्या मेलबॉक्सवर मात्र काही परिणाम नाही. अपेक्षित होतं. त्यांना छळणारे दुसऱ्या जातीतले आहेत, आणि ते शिष्टाचार उत्तम पाळतात.

११ जून

उलट डीएनएसची अट लावायची की नाही, यावर दोन दिवस गेले. डीएनएस नावावरून आयपी सांगतं, उलट डीएनएस आयपीवरून नाव. जोडणाऱ्या आयपीला नाव असावं, आणि त्या नावाने शोधलं की तोच आयपी परत मिळावा, ही कडक अट. नुसतं काहीतरी नाव असावं, ही सैल अट.

पोस्टफिक्समध्ये नियमाआधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' लिहिता येतं. मग नियम अडवत नाही, फक्त लॉगमध्ये लिहितो की मी चालू असतो तर हे अडवलं असतं. कडक अट अशी लावून ठेवली होती. आज निकाल पाहिला. अडले असते त्यांत स्पॅम भरपूर होता, पण आपल्या एका छोट्या पुरवठादाराचा सर्व्हरही होता. त्यांची बिलं त्यातूनच येतात. नाव आणि आयपी एकमेकांशी जुळत नाहीत, बहुधा जागा बदलली तेव्हा कुणीतरी एक नोंद बदलायची विसरलं.

त्यांना कळवलं, आणि सैल अटच लावली. छोटे सर्व्हर चालवणारी माणसं थोडी उरली आहेत. त्यांच्या एका विसरलेल्या नोंदीसाठी त्यांना बाहेर ठेवणं मला पटत नाही.

१४ जून

आज खरा दिवस, दुसऱ्या जातीचा.

मॅडमकडची गेल्या आठवड्यातली एकोणीस पत्रं घेतली. नावं वेगळी, डोमेन वेगळे, विषय वेगळे. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हींत उत्तीर्ण! बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो. एसपीएफ सांगतं की या आयपीला या डोमेनच्या वतीने पाठवायची परवानगी आहे. डीकिम सांगतं की सही या डोमेनची आहे आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही. डीमार्क सांगतं की वाचणाऱ्याला दिसणारं डोमेन त्यांच्याशी जुळतं. डोमेन खुद्द स्पॅमवाल्याचंच असेल, तर त्याला या तिन्ही गोष्टी करता येतात, आणि तो न चुकता करतो. सही खरी असणं म्हणजे फक्त नाव खरं असणं. माणसाच्या हेतूबद्दल त्यातून काही कळत नाही.

मग समान धागा कुठे? सतरा पत्रं एकाच पट्ट्यातून आली होती. खरा पट्टा इथे लिहीत नाही. कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला १९८.५१.१००.०/२४ हा पट्टा समजा, म्हणजे २५६ पत्ते. उरलेली दोन वेगळ्या जागेहून.

पण नेमसर्व्हर पाहिले तेव्हा सगळं जुळलं. एकोणीसच्या एकोणीस डोमेनची माहिती तेच दोन नेमसर्व्हर सांगत होते. डोमेन रोज नवं घेता येतं, स्वस्त पडतं. पण प्रत्येक डोमेनसाठी नवं घर बांधायचा कंटाळा त्यांनाही येतो. पोस्टफिक्सला पाठवणाऱ्या डोमेनच्या नेमसर्व्हरवरून निर्णय घेता येतो. 'चेक सेंडर एनएस ॲक्सेस' नावाची तपासणी आहे.

लावण्याआधी एक गोष्ट पडताळली. हे नेमसर्व्हर एखाद्या मोठ्या सेवेचे असते, तर त्यांच्या आडोशाला लाखो निरपराध डोमेन असते, आणि हा नियम म्हणजे अख्ख्या शहराचं टपाल बंद करणं झालं असतं. तीन महिन्यांच्या लॉगमधल्या सगळ्या पाठवणाऱ्यांचे नेमसर्व्हर काढून पाहिले. या दोघांच्या मागे एकही खरा पत्रव्यवहार नाही.

नेमसर्व्हरची एक आणि पट्ट्याची एक, अशा दोन ओळी लिहिल्या, तरी थेट ५५० दिलं नाही. नवीन नियमाचं उत्तर पहिले दोन दिवस ४५०, 'आत्ता नाही, नंतर पाहा'. ही पद्धत इथून पुढे सगळ्याच नव्या अडवणुकींना लावणार आहे. कारण असं : ४५० मिळालं की खरा सर्व्हर पत्र आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ म्हणतं की दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटं असावीत आणि हार मानण्याआधी चार ते पाच दिवस वाट पाहावी. म्हणजे दोन दिवसांत माझी चूक माझ्या लक्षात आली, तर मी ओळ काढायची, पत्र आपोआप पोचतं. कुणाला काही पुन्हा पाठवावं लागत नाही. ५५० ला ही सवड नाही.

१६ जून

चूक आढळली नाही. दोन्ही ओळी ५५० केल्या. मुदत ९० दिवस. मॅडमकडे आज एकही नाही.

१७ जून

एकही नाही.

२० जून

चूक माझी, सविस्तर लिहितो.

सकाळी नऊपासून बाहेरून येणारं सगळं टपाल नाकारलं जात होतं. सगळं. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं, तेही कुणीतरी विचारलं म्हणून, "आज मेल इतके शांत का?"

पोस्टस्क्रीन आयपींच्या बदनाम यादीलाही विचारतो. विचारायची पद्धत डीएनएसची आहे. १९२.०.२.२५ बद्दल विचारायचं तर आकडे उलटे करून, २५.२.०.१९२ आणि पुढे यादीचं नाव, असा प्रश्न. यादीत नसेल तर उत्तर येतं, असं नावच नाही. असेल तर १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर, आणि शेवटच्या आकड्यावरून कळतं की कुठल्या कारणाने.

आज सकाळी मी दुसऱ्याच कामासाठी सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न विचारून उत्तर आणणारा) बदलला, स्वतःचा सोडून एक सार्वजनिक लावला. अशा काही याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, कारण विचारणारा कोण ते त्यांना कळत नाही. पण 'उत्तर देणार नाही' हेही त्या अशाच एका आकड्यातून सांगतात. १२७.२५५.२५५ ने सुरू होणारा, त्रुटी कळवणारा खास संकेत. माझ्या कॉन्फिगमध्ये लिहिलं होतं : काहीही उत्तर आलं की आयपी बदनाम. त्यामुळे नकाराचं प्रत्येक उत्तर 'दोषी' म्हणून वाचलं गेलं आणि जगातला प्रत्येक सर्व्हर स्पॅमवाला ठरला.

रिझॉल्व्हर पुन्हा स्वतःचा केला. यादीच्या नावापुढे कोणती उत्तरं धरायची ते नेमकं लिहिलं, १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच. बाकी कुठलंही उत्तर म्हणजे दुर्लक्ष. एका यादीचा शब्द अंतिम न मानता दोन-तीन याद्यांना गुण दिले, बेरीज ठरावीक आकड्यावर गेली तरच नकार. आणि एक तपासणी घड्याळावर लावली : १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी नेहमी यादीत असतो, १२७.०.०.१ कधीच नसतो. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही विचारायचे. उत्तरं उलटसुलट आली तर मला संदेश.

मग त्या चाळीस मिनिटांतला लॉग ओळीने वाचला. ज्यांची पत्रं परत गेली त्यांतले ओळखीचे पत्ते काढले आणि ज्यांच्या नावे ती होती त्या सहकाऱ्यांना एकेक करून सांगितलं, की अमुकांना पुन्हा पाठवायला सांगा. दुपार त्यातच गेली. एका पत्राची शेवटची तारीख आजचीच होती. ते वेळेत आलं.

'सॉफ्ट बाऊन्स' ही सोय पोस्टफिक्समध्ये आहे. चालू असेल तर प्रत्येक कायमचा नकार तात्पुरता होतो. डीएनएसला हात लावायच्या दिवशी ती आधी चालू करायची, हे कामाच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं.

२३ जून

ग्रेलिस्टिंग लावून पाहिलं आणि आजच काढलं. २००३ मधली कल्पना आहे, अनोळखी पत्राला एकदा 'नंतर या' म्हणायचं. बॉट परत येत नाही, खरा सर्व्हर येतो. पण मोठ्या सेवा दुसरा प्रयत्न वेगळ्याच आयपीवरून करतात, मग तो पुन्हा अनोळखी ठरतो. शिवाय लॉगिनचे कोड उशिरा पोचायला लागले. कोड दहा मिनिटांत शिळा होतो आणि पत्र अर्ध्या तासाने येतं. पोस्टस्क्रीनने जे अडवलंय त्यापलीकडे याचा फायदा दिसला नाही.

२५ जून

तिसरी जात : सोडत नसलेल्या कंपन्या.

इथे मी सर्व्हरवर अडवण्याच्या विरोधात आहे. एकाला नकोशी वाटणारी जाहिरात दुसऱ्याने मागवलेली असते. ओळखीची कंपनी असेल तर आधी 'सदस्यत्व रद्द' दाबावं. हेडरमध्ये त्यासाठी ओळ असते. एका टिचकीत रद्द करायची पद्धत आरएफसी ८०५८ मध्ये २०१७ साली आली, आणि २०२४ साली जीमेल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना ती बंधनकारक केली. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी ती खरोखर चालते. अनोळखी पत्रातला असा दुवा मात्र दाबू नये. पत्ता जिवंत आहे, एवढंच त्यातून त्यांना कळतं. हे दोन परिच्छेदांत लिहून सगळ्यांना पाठवलं.

एक पाठवणारा रद्द करूनही तीन वेगवेगळ्या डोमेनांवरून येत राहिला. त्याला सर्व्हरवर अडवला, कारण लिहून.

२६ जून

चौथी जात. चुकीचे पासवर्ड मोजून आयपीवर बंदी घालणारं फेलटूबॅन आधीपासून होतं, पण दहा मिनिटांत पाच चुका हा निकष आता कुणालाच लागू पडत नाही. एकेक आयपी तासाभरात एकदाच प्रयत्न करतो. खिडकी एका दिवसाची केली, प्रत्येक पुनरावृत्तीला बंदीची मुदत वाढत जाईल असं केलं. आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत, एकटा पत्ता मोजण्यात अर्थ नाही, एका ग्राहकाकडे सहसा निदान /६४ चा पट्टा असतो, म्हणून मोजणी पट्ट्यावर.

ही बंदी फायरवॉलमध्ये, पण फक्त ४६५ आणि ५८७ या आपल्या माणसांच्या दारांवर (पोर्टवर). बाहेरचे सर्व्हर येतात त्या २५ नंबरच्या दारावर फायरवॉल लावायची नाही. तिथे पाकीट उंबऱ्याबाहेरच नाहीसं होतं. खरा सर्व्हर दिवसचे दिवस ठोठावत राहतो आणि पाठवणाऱ्या माणसाला कारण कळत नाही.

९ जुलै

दूरध्वनी आला. एका प्रशिक्षण संस्थेच्या बाई. आपल्याकडच्या एकांना त्यांनी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा परत. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

तपासलं. १४ जूनचा तो पट्टा. त्याचा एक तुकडा होस्टिंगवाल्याने स्पॅमवाल्याकडून काढून घेऊन नव्या ग्राहकांना दिला होता, त्यांत या बाईंची संस्था. पट्टा तोच, घरात राहणारे नवे.

ओळ लगेच काढली. नेमसर्व्हरची ओळ ठेवली, कारण तिचा त्यांच्याशी संबंध नाही. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते जास्त लागलं. पोस्टमास्टरच्या, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, पत्त्यावरही त्यांनी लिहिलं होतं. तेही परत गेलं. आरएफसी ५३२१ नुसार तो पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर चालू असायलाच हवा, आणि आपला चालू होताच. फक्त ज्यांना त्याची गरज, ते अडवलेले लोक, त्यांनाच तिथे पोचता येत नव्हतं. माझी तपासणी आधी आयपी बघत होती, मग पत्र कुणाला आहे ते.

दिवसभर तेवढंच केलं. पोस्टमास्टर आणि ॲब्यूज (गैरवापराच्या तक्रारींचा) या दोन पत्त्यांना सगळ्या आयपी नियमांच्या आधी मोकळीक दिली. पोस्टस्क्रीनमध्ये तसं करता येत नाही, त्याला पत्र कुणाला आहे यावरून सूट देता येत नाही. म्हणून प्रत्येक नकाराच्या शेवटी एक ओळ जोडली. त्यात संकेतस्थळावरच्या फॉर्मचा पत्ता आहे, ज्याला मेल लागत नाही. ओळ साध्या भाषेत लिहिली, कारण ती बाऊन्समध्ये माणूस वाचतो.

संध्याकाळी बाईंना फोन करून चौथ्यांदा पाठवायला सांगितलं. पोचलं.

१० जुलै

संपूर्ण पट्टा अडवला असेल तर मुदत ९० ऐवजी ३० दिवस. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पट्ट्यातून आता कोण बोलतंय ते पाहायचं, हेही स्क्रिप्टमध्ये घातलं.

१८ जुलै

फॉर्मवर पहिली तक्रार. तपासली, तर खरोखर स्पॅम पाठवणारा निघाला, पत्त्यांची यादी विकत घेतलेली. कारण लिहून कळवलं, ओळ तशीच. उत्तर मात्र त्याच दिवशी दिलं.

१५ सप्टेंबर

१४ जूनच्या नेमसर्व्हर ओळीची मुदत परवा संपली, आपोआप निघाली. आज पहाटे चार वाजता तेच नेमसर्व्हर, नवी सहा डोमेन, मॅडमच्या मेलबॉक्सवर दोन पत्रं. पुन्हा लॉग ताडला, मागे कुणी खरा उभा नाही याची खात्री केली. ४५०, दोन दिवस. कारण, तारीख, मुदत लिहिली. मॅडमना निरोप ठेवला की ती दोन पत्रं पुसून टाका, पत्ते यादीत टाकायची गरज नाही.